विहिरीला श्वास हवा, म्हणे

बान नाखेम, फ्रे
४ मार्च, बुद्धवर्ष २५६७

इन्सोन, ताईचा आशीर्वाद.

तुझी साखर कशी आहे? सकाळी उपाशीपोटी तपासतोस, की अजून चिकट भाताचा डबा रिकामा करून मग तपासतोस आणि डॉक्टरलाच नावं ठेवतोस? माझ्या भावजयीचा, विलायचा गुडघा कसा आहे? तिला सांग, जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. टोम कुबडीशिवाय चालायला लागला का? त्याच्या अपघाताचं मला बाजारात कळलं, मिरच्या निवडताना, एका परक्या बाईकडून. सख्ख्या आत्याला. त्याबद्दल मी आज बोलत नाही. धाकटीचे पुढचे दात आले का? आणि तो म्हातारा कुत्रा आहे की गेला? तुमच्या घरात मला बघून शेपूट हलवणारा तो एकटाच होता, म्हणून विचारते.

मी बरी आहे. कंबर धरते, पण शेवयांचा साचा अजून मीच दाबते.

आता रागाचं. काल तुझ्या वकिलाचा कारकून माझ्या अंगणात बूट न काढता आला. हातात कागद. म्हणाला, तुमच्या चिंचेखालची निरीक्षण विहीर क्रमांक सहा बंद करायची आहे, जागा तुमची म्हणून तुमची संमती लागते, इथे सही करा. मी म्हटलं, "ज्याचा कागद त्याला जीभ नाही का?" तो म्हणाला, "मालक फार कामात असतात, आजी." फोन केला तर तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. कागद आला तर निदान विलाय तरी उघडून वाचेल.

तुला विसरण्याची कला चांगली जमते, तेव्हा आठवण देते. तुझ्या पेट्रोल पंपाची टाकी जमिनीत गंजली आणि किती दिवस गळत राहिली ते तुला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. आम्हाला कळलं ते विहारात, भिक्खूंना वस्त्रं देतात त्या चीवरदानाच्या जेवणात. शेवया माझ्या होत्या. तांदूळ आंबवून, वाटून, साच्यातून काढून, आपल्या विहिरीच्या गार पाण्यात धुतलेल्या, आईच्या वेळेपासून धुतो तशा. भिक्खूंनी पात्रात पडेल ते खायचं असतं, तरी मोठ्या भंतेंनी दोन घास खाऊन वाडगा खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "उपासिके, आज रस्सा कशावर शिजवलास?" सगळ्या गावासमोर. मी आठवडाभर भांडी राखेने घासत होते. वाटलं, माझंच काही चुकलं. मग शेजारच्या बुआलायच्या बादलीत इंद्रधनुष्य तरंगलं, आणि वास कुठून येतो ते आंधळ्यालाही कळलं.

गावकीच्या बैठकीतून तू उठून गेलास. पंपाला कुलूप घातलंस आणि रायोंगला जाऊन बसलास. मी सरकारी कचेरीत तुझ्याविरुद्ध अर्ज दिला म्हणून तू मला तोंड दाखवत नाहीस, हे मला माहीत आहे. दिला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा देईन.

त्यानंतरचं तू काही पाहिलं नाहीस. टाकी उपसून नेली, काळी माती ट्रक भरभरून गेली, जमिनीतली घाण ओढणारं यंत्र दिवसभर घरघरायचं. पाणी सुधारतंय का ते बघायला ठिकठिकाणी मनगटाएवढ्या रुंद नळ्या खोल उतरवल्या, त्यांना कुलपाची झाकणं. त्यांतली एक माझ्या चिंचेखाली. दर ऋतूला रतिमा नावाची कचेरीतली मुलगी यायची, नळीतून पाणी काढून बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवायची. मला आजी म्हणते. या वेळी तिने सांगितलं, पाणी स्वच्छ झालं. मी विचारलं, "हे तुझा कागद म्हणतोय की तू?" ती उठली. माझ्या विहिरीतून पोहरा काढला आणि पेलाभर पाणी घटाघट प्यायली. त्या मुलीवर माझा विश्वास आहे.

तीच म्हणाली, काम संपलं की या नळ्या बंद कराव्याच लागतात. तळापासून वरपर्यंत सिमेंट आणि चिकणमातीचा काला भरायचा, थेंब उतरायला जागा ठेवायची नाही. नळी उघडी राहिली तर वरची घाण थेट खालच्या पाण्यात जायला तो सरळ रस्ताच. मला पटलं. सही करते. पण एक अट. बंद करायच्या दिवशी तू स्वतः येऊन इथे उभा राहा. गावासमोर. काही बोलू नकोस हवं तर. नुसता उभा राहा.

तुझी ताई,
खामपेंग


१७ एप्रिल

इन्सोन,

तू आला नाहीस. मी काय ते समजले.

तुझ्याऐवजी तुझे वेळू आले. सोंगक्रानच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या आधी ठेकेदाराची गाडी आली, मागे सिमेंटच्या गोण्या आणि त्यांच्यावर लांबलचक बारीक वेळू, टोकांना लाल फडकी बांधलेली. मला वाटलं कुणाचं लग्न निघालंय. मुकादम प्रचुआप खाली उतरला. पोट सुटलेला, गळ्यात ताइतांची माळ, बोलायला गोड.

"हे काय रे?" मी विचारलं.

"श्वास, मावशी. मालकांचा फोन होता. एकही विहीर श्वासावाचून बुजवायची नाही, म्हणाले. पेरं फोडून आणलेत, आरपार पोकळ."

"कोण मालक? ठेकेदार?"

"नाही हो. तुमचे बंधू."

"त्याला फोन करता येतो का? मला वाटलं त्याची बोटं झडली."

प्रचुआप हसला आणि सावलीत बसून पाणी मागितलं. मी म्हटलं, "रतिमा तर म्हणाली होती, गच्च भरायची, वरपर्यंत."

"भरणारच की. पण विहिरीत राहणाऱ्या राखणदाराचं नाक कसं दाबायचं, तुम्हीच सांगा. माझ्या मेव्हण्याने घरामागची जुनी विहीर अशीच गच्च बुजवली. वर्षाच्या आत त्याला दमा."

"तुझा मेव्हणा सिगारेटी किती ओढतो?"

"ते वेगळं, मावशी."

रतिमा त्या दिवशी नव्हती. सणाआधी उरकायचं म्हणून ठेकेदाराने दिवस अलीकडे ओढला, तिला तर सणानंतरचा दिवस कळवलेला. त्यांनी नळीत आधी वाळू ओतली, वाळूवर वेळू उभा केला, भोवतीने सिमेंट भरलं, आणि वेळूचं तोंड वितभर वर ठेवलं. फुलं, उदबत्त्या, मेणबत्ती, विड्याचं पान. प्रचुआपने हात जोडून राखणदाराला सांगितलं, तुझं दार बंद करतोय पण खिडकी ठेवलीय, रागावू नकोस. कचेरीसाठी फोटो काढताना एक गडी वेळूच्या पुढे सिमेंटची गोणी घेऊन उभा राहिला, वेळू दिसू नये म्हणून. मला तेव्हा हसू आलं.

खोटं कशाला लिहू, मलाही बरं वाटलं. आपल्या बापाने शेताकडची विहीर बुजवली तेव्हा त्यानेही वेळू ठेवला होता. मला वाटलं, इन्सोनच्या मनात अजून भीती आहे. ज्याला भीती आहे त्याला थोडी लाजही असेल.

पण सोंगक्रानला तू आला नाहीस हे मी पोटात घालणार नाही. धाकट्यांनी थोरल्यांच्या हातावर सुगंधी पाणी घालायचं आणि वर्षभराचं सगळं धुऊन टाकायचं, एवढंच तर करायचं असतं. बुआलायची मुलं-सुना आली. बाजारातली फळवाली आली. मी तळवे पुढे करून बसले आणि लोक ओळीने पाणी घालत गेले, आणि प्रत्येक जण जाताना रस्त्याकडे बघत होता. सगळ्यांना माहीत होतं मी कुणाची वाट बघतेय. इतकी शोभा मी आयुष्यात कधी करून घेतली नव्हती.

बुआलायच्या सुनेला मुलगा झालाय. गोंडस आहे. तुझी जमीन स्वच्छ ठरली म्हणून तीही आता पाणी विकत घेत नाही, आपल्याच विहिरीवर बाळाला न्हाऊ घालते. एवढं एक चांगलं झालं.

ताई


२२ जून

इन्सोन,

आज तब्येती विचारत नाही.

तू पंपाची जागा थानोमला भाड्याने दिलीस. दे, जागा तुझी आहे. तो भातकापणीची यंत्रं आणि ट्रक दुरुस्त करतो. त्याच्या माणसांच्या दुपारच्या जेवणाला शेवया मीच देते, म्हणून काल टोपली घेऊन गेले. एक भलं मोठं यंत्र उभं होतं. थानोम डिझेलने त्याचे दात धूत होता आणि वरून पाइपने पाणी मारत होता. काळंनिळं पाणी जमिनीवरून वाहत होतं. मी नेसूचं वर उचलून कडेने चालले, आणि बघते तो, पाणी मधल्या खोलगटात येतंय आणि तिथेच नाहीसं होतंय. गटगट आवाज करत.

"बघा मावशी," थानोम म्हणाला, "किती सोय. जरा पाणी तुंबत नाही. इन्सोनभाऊंनी गटार झकास करून ठेवलंय."

मी टोपली खाली ठेवली. तुझा वेळू होता तो. वितभर वर ठेवलेलं तोंड ट्रकच्या चाकांखाली मोडून जमिनीबरोबर झालं होतं आणि तो पीत होता. पेजेला भुकेलेलं मूल पितं तसा.

"हे गटार नाही," मी म्हटलं. "ही विहीर आहे. क्रमांक दोन."

थानोमने पाइप टाकला. तेलकट हात जोडले, खाली बघून, जमिनीलाच. "म्हणजे मी राखणदाराला डिझेल पाजतोय? केव्हापासून?"

"जागा घेतलीस तेव्हापासून."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"ज्याने सांगायचं तो रायोंगला असतो. आता आधी ते भोक बुजव."

तो सिमेंट आणायला वळला, दोन पावलं गेला आणि थांबला. "नको, मावशी. चुकून तेल पाजलं, त्याची माफी मागता येते. नाक दाबलं तर माफी कुणाकडे मागू? मी धुण्याची जागा हलवतो. त्या पलीकडच्या कोपऱ्यात धुतो."

पलीकडच्या कोपऱ्यात क्रमांक तीन आहे. तिथेही तुझा वेळू आहे.

मी गावप्रमुखाकडे गेले. तो म्हणाला, बघतो. त्याच्या बायकोने आतून सांगितलं की त्यांच्या घरचा कुणीही त्याला हात लावणार नाही. मी बुआलायकडे गेले. ती विहिरीवरच होती, पोहऱ्यात बघत. तिला काही सांगायची गरज पडली नाही. पुन्हा तेच इंद्रधनुष्य, इन्सोन. बाळाच्या मांड्यांवर आणि काखेत लाल चट्टे आलेत, दवाखान्यात मलम दिलं आणि विचारलं, कोणत्या पाण्याने न्हाऊ घालता. ती पोर, त्याची आई, माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तुम्हीच म्हणालात ना, पाणी चांगलं आहे."

मी म्हणाले होते. रतिमा म्हणाली म्हणून मी म्हणाले होते, आणि रतिमा खरं बोलत होती. पाणी चांगलंच होतं. ते पुन्हा नासलं ते तुझ्या श्वासामुळे. विहिरीच्या राखणदाराच्या नाकाची एवढी काळजी केलीस, आणि त्याच पाण्याने कोण आंघोळ करतं, कोण भात शिजवतं, याचा विचार करायला तुला कुणी मनाई केली होती? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीय आणि ती अजून उतरलेली नाही. बाळ रडतं तेव्हा आवाज माझ्या स्वयंपाकघरात येतो.

ही नळ्यांची सगळी हकिकत रतिमाला सांगावी लागेल. मी उद्या कचेरीत जाते. तू आजच तिला फोन कर.

ताई


९ जुलै

इन्सोन,

तुझं पत्र आलं. इतक्या वर्षांनी आलेलं पत्र, चार ओळींचं. मी ते चष्मा पुसून पुसून वाचलं, खाली आणखी काही आहे का ते बघायला कागद उलटला.

तू लिहितोस, टोम खाटेवर पडून होता, देवऋषीण म्हणाली की तुझ्या जमिनीत भोकं पाडून ठेवलीत आणि ती श्वास मागतायत, म्हणून तू वेळू लावायला सांगितलेस. मी त्यावर तुला काही म्हणत नाही. माझं लेकरू तसं पडलं असतं तर मी वेळूंचं बन लावलं असतं. पण पुढची ओळ काय? "आता मी कागदावर काही लिहून दिलं तर थानोमचा करार मोडेल आणि जागेला गिऱ्हाईक मिळणार नाही, तेव्हा ताई, तू सांभाळून घे."

सांभाळून घे.

लहानपणी तू पेरूच्या झाडावरून दुसऱ्याच्या छपरावर पडलास तेव्हा मी सांभाळून घेतलं. शाळा बुडवून नदीवर गेलास, सांभाळून घेतलं. बाप काठी घेऊन निघाला की मी दारात आडवी उभी राहायची. तुला वाटतं ताई म्हणजे तुझ्यासाठी ठेवलेली भिंत, मागे लपायला. या वेळी भिंतीच्या दुसऱ्या बाजूला एक तान्हं मूल आहे. मी कुणाकडे पाठ करून उभी राहू, ते तूच सांग.

आता इथे काय झालं ते ऐक. रतिमा आली. ठेकेदाराचा इंजिनियर आला, इस्त्रीच्या शर्टातला, आणि मागून प्रचुआप. रतिमा क्रमांक दोनपाशी गुडघ्यावर बसली, मोडक्या वेळूत काडी घातली, काडी आत गेली ती गेलीच. तिचं तोंड पांढरं पडलं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

इंजिनियर हसला. "मॅडम, आमचे फोटो बघा. वरपर्यंत सिमेंट आहे. असले प्रकार गावकरी करतात. आम्ही गेल्यावर कुणीतरी ओल्या सिमेंटमध्ये खोचला असेल. यांच्या खुळ्या समजुती तुम्हाला माहीत आहेत."

गावकरी करतात. आम्ही. ज्यांचं पाणी गेलं ते आम्ही. सगळं गाव तिथे उभं होतं आणि एकाचंही तोंड उघडेना. मी प्रचुआपला म्हटलं, "बोल की रे. तुझ्या मेव्हण्याच्या दम्याची गोष्ट सांग यांना." तो बुटांच्या टोकांकडे बघत राहिला. मला त्याचा राग आला आणि आलाही नाही. तो बोलला तर उद्यापासून त्याच्या घरची चूल थंड. तू बोललास तर काय जाईल? एक भाडेकरू.

जाताना रतिमा माझ्या ओट्यावर बसली. म्हणाली, "आजी, मला तुमचं खरं वाटतं. पण कागदावर या विहिरी नाहीतच आता. ठेकेदार म्हणतो त्याने नीट बुजवल्या, तुम्ही म्हणता तसं नाही, आणि गावातला एकही माणूस सही करायला तयार नाही. तुम्ही केलीत तरी ते म्हणतील, बहीण-भावाचं भांडण आहे. ज्याने वेळू लावायला सांगितलं त्याने दोन ओळी लिहून दिल्या, तर मी उद्याच्या उद्या ठेकेदाराला कामाला लावते. सगळं पोखरून काढायचं, तळापासून नीट भरायचं, आणि तोवर घरोघर पाण्याचा टँकर. त्या दोन ओळी नसतील तर चौकशी चालत राहील."

"किती दिवस?" मी विचारलं.

ती पोर खाली बघून म्हणाली, "बाळ चालायला लागेल."

तर हे असं आहे. दोन ओळी. मला चार लिहिल्यास, त्यांच्या अर्ध्या.

मी शेवया बंद केल्यात. माझी विहीर अजून स्वच्छ आहे, रतिमाने तपासली. पण माझ्या हाताखालून गेलेलं पाणी दुसऱ्याच्या पोटात घालायला आता माझा हात धजत नाही. स्वच्छ पाणी आहे तेवढं बुआलायच्या घरी जातं. साचा धुऊन, पुसून, उलटा टांगून ठेवलाय. बाजारात लोक विचारतात, ताई आजारी आहात का? मी म्हणते, हो, भावाने आजारी आहे.

खामपेंग


१८ जुलै

इन्सोन,

काल मी तुझे वेळू बुजवले.

तुला हे दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून लिहिते. भर दुपारी बुजवले, सगळ्यांच्या देखत, चोरून काही केलं नाही. आधी भंतेंना विचारायला गेले. ते म्हणाले, "उपासिके, मी हो म्हणालो तर गाव म्हणेल भंतेंनी केलं, नाही म्हणालो तर तू ऐकणार नाहीस. मग विचारतेस कशाला?" मी म्हटलं, "आशीर्वाद हवाय." तो त्यांनी दिला.

सिमेंट थानोमच्या दारातलं. मी गोणी उचलत असताना तो तोंड फिरवून म्हणाला, "मी दिली नाही, मावशी. तुम्ही चोरलीत. राखणदाराला तसंच सांगा." मी म्हटलं, तसंच सांगते. चिकणमाती मळून घेतली, शेवयांच्या पिठाला मळते तशी, गोळे केले, आणि लोखंडी कांबीने एकेका वेळूत ठासत गेले, आत जातील तितके. वरून सिमेंटची टोपी. कुणी जवळ आलं नाही. बायका कुंपणाबाहेर पदराला धरून उभ्या, गावप्रमुख मोटारसायकलवर बसून, इंजिन चालूच ठेवून. बुआलाय रडत होती. म्हणत होती, "खामपेंग, पुरे कर, तुला काही झालं तर?" आणि तिसऱ्या विहिरीपाशी माझी कंबर धरली तेव्हा तीच कुंपण ओलांडून आली आणि मातीची पाटी माझ्याजवळ सरकवली. रडणं चालूच होतं.

प्रत्येक भोकापाशी मी राखणदाराशी बोलले. काय बोलले ते तुलाही सांगते, कारण ते तुझ्याबद्दल होतं. मी म्हटलं, "मी खामपेंग. हे वेळू माझ्या भावाने लावले, मुलाच्या मायेने लावले, त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. मी ते बुजवतेय. तुला तेल पाजलं गेलं त्याची माफी मागते. राग काढायचा तर माझ्यावर काढ, मी इथेच राहते, चिंचेचं घर. त्याच्या पोराकडे बघू नकोस. ते पोर नुकतं चालायला लागलंय."

चालायला लागलंय ना? विलायने बाजारातल्या त्या बाईला सांगितलं म्हणे. मला सांगितलं असतंत तर मी तुमच्या नावाने दिवा लावला असता. तो मी तरीही लावला.

आज अंग दुखतंय आणि थोडा ताप आहे. गावात लगेच कुजबुज सुरू झाली. तू मनावर घेऊ नकोस. म्हाताऱ्या बाईने दुपारच्या उन्हात कांब ठोकली तर ताप येणारच, त्याला राखणदार कशाला लागतो. पण भीती वाटली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. क्रमांक सहा, आपल्या चिंचेखालची, बुजवताना आतून वारा आल्यासारखा वाटला बोटांना. मग मी गोळा ठासला.

आता नीट वाच. मी तोंडं बुजवलीत, पोट नाही. जे खाली गेलं ते गेलं. तेल प्यालेली वाळू तिथेच आहे आणि बुआलायच्या पाण्यात उतरतेय. रतिमा आज सकाळी येऊन बघून गेली. तिने माझे चिखलाने चिरलेले हात हातात घेतले. मग म्हणाली, "आजी, आता तर ठेकेदार म्हणेल पुरावाच बुजवला." म्हणजे आता फक्त तुझ्या दोन ओळी उरल्या. मी तुला आडोसा ठेवला नाही असं तुला वाटेल. खरं आहे. ठेवला नाही.

संध्याकाळी बुआलाय बाळाला घेऊन ओट्यावर आली. चट्टे थोडे उतरलेत, माझ्या विहिरीचं पाणी वापरतात म्हणून. तिने सरळ विचारलं, "तुझा भाऊ लिहील?"

तिची सून दारात थांबली होती. गावप्रमुखाची बायको कुंपणाशी उगीचच फुलं तोडत होती. थानोम फाटकापाशी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, सणाला रस्त्याकडे बघत होते तसे. माझ्या मनात तुझ्याविषयी काय काय होतं ते मी या पत्रांत लिहिलंच आहे, त्यातला एक शब्दही मागे घेत नाही.

मी म्हटलं, "लिहील."

बुआलायने मान हलवली आणि सुनेला म्हणाली, "चल, ती म्हणतेय ना." आणि सगळे घरी गेले. कुणी पुन्हा विचारलं नाही. या गावात माझ्या शब्दावर लोक उधार तांदूळ देतात, इन्सोन, आणि आता तो शब्द मी तुझ्या नावावर टाकलाय.

रतिमाच्या कचेरीचा पत्ता पाकिटावर मागे लिहिलाय, तिकीट लावलेलं कोरं पाकीटही आत घातलंय. आधी तिला लिही. त्यानंतर मला एक ओळ टाक, लिहिलं म्हणून. लवकर टाक.

तुझी ताई,
खामपेंग